जप्त झालेला व्हेप आणि टपरीवरची सुटी सिगारेट: लातूरमधील एका वसतिगृहातील प्रकरण

ओळख पटू नये म्हणून या लेखातील मुलांची नावे, गावांचे तपशील आणि काही तारखा बदलल्या आहेत. घटनांचा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

दहावीचा निकाल लागला की परभणी, नांदेड, बीड, हिंगोली आणि धाराशिव जिल्ह्यांतील अनेक पालक मुलांना घेऊन लातूरची वाट धरतात आणि जुलैपर्यंत शिकवण्यांच्या परिसरातील खोल्या, वसतिगृहे व मेस भरून जातात. अशाच एका खासगी वसतिगृहात मी आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक म्हणून जातो. तेथे सुमारे १४० मुले राहतात. पहाटे पाचला उठायचे, दुपारी एकपर्यंत वर्ग, रात्री अकरापर्यंत अभ्यासिका आणि दर रविवारी चाचणी, असा त्यांचा क्रम असतो, आणि चाचणीचे गुण त्याच रात्री पालकांच्या मोबाईलवर जातात. माझ्याकडे येणारी मुले बहुधा तीनच तक्रारी घेऊन येतात: झोप लागत नाही, घरची आठवण येते, गुणांची धास्ती वाटते. तंबाखूविषयी मी स्वतःहून कोणाला विचारत नसे.

हे प्रकरण दुसऱ्या मजल्यावरील एका खोलीतील अकरावीच्या चार मुलांचे आहे. ओंकार परभणी जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेला, वय १६, दहावीला शाळेत पहिला. हर्षद नांदेड शहरातला, वडील नोकरीत. विनायक उदगीरकडचा, घरी शेती आणि आडतीचा व्यवहार. तेजस बीड जिल्ह्यातला, वयाने इतरांपेक्षा वर्षभर मोठा.

ऑगस्टपासून त्या मजल्यावरील न्हाणीघरात अधूनमधून आंब्याच्या गोळीसारखा गोड वास येत असे. रेक्टरांनी तो कोणत्या तरी सुगंधी साबणाचा समजला. नोव्हेंबरच्या शेवटी रात्रीच्या फेरीत त्यांना अभ्यासाच्या टेबलावर चार्जिंगला लावलेली, मजकूर रंगवण्याच्या जाड पेनसारखी दिसणारी एक वस्तू आढळली. तो एकदा वापरून टाकून देण्याच्या प्रकारातला व्हेप, म्हणजे निकोटीनच्या द्रवाची वाफ ओढण्याची ई-सिगारेट, होता आणि त्याच्या वेष्टनावर निकोटीनचे प्रमाण ५ टक्के, म्हणजे द्रवाच्या प्रत्येक मिलिलिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅम, असे छापलेले होते. झडतीत हर्षदच्या पेटीतून आणखी दोन निघाले. पुण्यात शिकणाऱ्या चुलतभावाकडून त्याने ते आणले होते आणि खर्च चौघांनी वाटून घेतला होता.

पहिला निर्णय

वसतिगृहाच्या चालकांनी त्या रात्रीच तिन्ही उपकरणे ताब्यात घेऊन कार्यालयाच्या कपाटात ठेवली, प्रत्येकाकडून ५०० रुपये दंड आणि लेखी माफीनामा घेतला, आणि सहामाही परीक्षा दोन आठवड्यांवर असल्याने पालकांना तूर्त काही कळवायचे नाही असे ठरवले. मला हे तीन दिवसांनी, माझ्या ठरलेल्या दिवशी समजले. मी चौघांना एकत्र बसवून अर्धा तास बोललो. निकोटीनचे दुष्परिणाम सांगितले, कोणाला काही अडचण असेल तर येऊन भेटा म्हणालो, आणि चौघांनीही मान डोलावली. त्या दिवसाच्या नोंदवहीत मी ‘विषय हाताळला’ असे लिहून ठेवले आहे. ते पान आजही माझ्याकडे आहे.

समस्या

जप्तीनंतर बाराव्या दिवशी एका शिक्षकांना वर्गाच्या मागच्या गल्लीतील चहाच्या टपरीआड ओंकार सिगारेट ओढताना दिसला. रेक्टरांनी मला फोन केला तेव्हा त्यांचे पहिले वाक्य होते, “बघा सर, व्हेपनं सिगारेट लावलीच शेवटी.” चालकांचेही मत तेच पडले. मुलगा आता पुढच्या पायरीवर गेला, उद्या आणखी कुठे जाईल, त्याला ठेवून घेतले तर इतर मुले बिघडतील, असा तो तर्क होता.

मला मात्र हा प्रश्न इतका सरळ वाटला नाही. व्हेप आधी आणि सिगारेट नंतर, हा क्रम खरा होता. पण या दोहोंच्या मधल्या बारा दिवसांत नेमके काय घडले, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. या वेळी मी चौघांना वेगवेगळे भेटलो.

चार मुले, चार वाटा

ओंकारने लातूरला येण्यापूर्वी तंबाखूच्या कोणत्याही प्रकाराला हात लावलेला नव्हता. ऑगस्टमध्ये सलग दोन चाचण्यांत गुण घसरल्यावर रात्री जागण्यासाठी म्हणून त्याने हर्षदच्या व्हेपचे झुरके घेतले. सप्टेंबरपर्यंत तो उशीखाली व्हेप ठेवून झोपू लागला होता आणि रात्रीतून एकदा तरी जाग आली की एक झुरका घेतल्याखेरीज त्याला पुन्हा झोप लागत नव्हती. किशोरवयीनांसाठी वापरली जाणारी दहा प्रश्नांची एक यादी असते. त्यातील एकाही प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर आले तरी निकोटीनची पकड सुरू झाली असे समजतात. ओंकारची सात उत्तरे ‘होय’ होती.

जप्तीनंतरचे दिवस त्याने फार नेमकेपणाने सांगितले. दुसऱ्या दिवशी डोके जड, तिसऱ्या दिवशी मेसमध्ये वाढप्याशी भांडण, अभ्यासिकेत एक पान वाचायला तास. निकोटीन बंद झाल्यावर चोवीस तासांच्या आत त्रास सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो कळसाला जातो आणि मग तीन-चार आठवड्यांत ओसरतो, हे वैद्यकीय पुस्तकांतले वर्णन त्याच्या तोंडून दिवसावार येत होते. मी त्या चौघांपुढे भाषण केले तो दिवस नेमका तिसरा होता, आणि समोर बसलेल्या मुलाला काय होत आहे हे मी विचारलेही नव्हते. चौथ्या दिवशी त्याने तेजसकडे काही मिळेल का म्हणून विचारले. तेजसने टपरी दाखवली. पहिल्या सिगारेटने खोकला आला आणि त्याने ती अर्धी टाकून दिली. तिसरी पूर्ण ओढली. बाराव्या दिवशी तो दिवसाला चारवर आला होता आणि सिगारेट त्याला मुळीच आवडत नव्हती. “वास येतो, घसा जळतो, पण डोकं शांत होतं,” असे तो म्हणाला.

हर्षदने, ज्याने व्हेप आणला होता त्याने, जप्तीनंतर काहीच शोधले नाही. पाच-सहा दिवस चिडचिड झाली, मग गेली. सिगारेटच्या वासाची त्याला किळस होती आणि त्याच्या मते व्हेप व सिगारेट यांचा एकमेकांशी संबंधच नव्हता.

तेजसची गोष्ट उलट्या दिशेने गेली होती. तो दहावीपासूनच सिगारेट ओढत होता आणि कपड्यांना वास राहू नये म्हणून वसतिगृहात व्हेपकडे आला होता. व्हेप गेल्यावर तो आपल्या जुन्या जागी परतला, इतकेच.

विनायक व्हेपला कंटाळून महिन्याभरात बाजूला झालेला होता. “मी काय रोज ओढलालतो का, सर?” असे तो हसत म्हणाला आणि ते खरे होते. तो नववीपासून तंबाखू आणि नंतर गुटखा खात होता, हे त्याने ओघात सांगितले. मी त्याची नोंद केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

संशोधन काय सांगते आणि काय सांगत नाही

चालकांशी बोलण्याआधी मी या विषयावरचे वाचन पुन्हा चाळले, कारण ‘व्हेपमुळे सिगारेट लागते’ हे वाक्य बैठकीत वारंवार येणार, हे उघड होते. अमेरिकेतील ९ अभ्यासांचे आणि त्यांतील १७,३८९ किशोर व तरुणांचे एकत्रित विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सुरुवातीला सिगारेट न ओढणाऱ्या पण ई-सिगारेट वापरून पाहिलेल्यांपैकी ३०.४ टक्के पुढे सिगारेटकडे गेले, तर ई-सिगारेट न वापरलेल्यांपैकी ७.९ टक्के. घरातील धूम्रपान, मित्रमंडळी, साहसाची ओढ असे घटक हिशेबात घेऊनही ई-सिगारेट वापरून पाहिलेल्यांचे सिगारेटकडे जाण्याच्या शक्यतेचे गुणोत्तर न वापरलेल्यांच्या सुमारे साडेतीनपट उरले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने २०१८ मध्ये याच दिशेने भरीव पुरावा असल्याचा निष्कर्ष काढला. हे आकडे दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत.

तरीही त्यांच्या विरुद्ध बाजूला एक अवघड वस्तुस्थिती उभी आहे. अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांत चालू ई-सिगारेट वापर २०११ मध्ये १.५ टक्के होता आणि २०१९ मध्ये तो २७.५ टक्क्यांवर गेला. त्याच काळात तेथील मुलांचे सिगारेट ओढणे १५.८ टक्क्यांवरून ५.८ टक्क्यांवर उतरले. व्हेप हे सिगारेटचे रुंद प्रवेशद्वार असते तर ही रेषा अशी खाली आली नसती, असे काही अभ्यासक म्हणतात. जी मुले धोका पत्करण्याकडे झुकलेली असतात ती दोन्ही गोष्टी करतात, म्हणून दोन्हींत नाते दिसते, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. दुसरा गट म्हणतो की सरासरी खाली येत असतानाही काही मुलांना व्हेप सिगारेटकडे ढकलत असू शकतो, आणि सरासरीत ती मुले दिसत नाहीत. मला दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात असे वाटते. आमच्या खोलीतला तेजस पहिल्या गटाला सोयीचा होता, ओंकार दुसऱ्या गटाला, आणि हर्षद दोघांनाही गैरसोयीचा.

यातील बहुतेक अभ्यास ज्या समाजांत झाले तेथे तंबाखू म्हणजे मुख्यतः सिगारेट, हेही लक्षात घ्यावे लागते. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के आढळले होते. म्हणजे आपल्याकडच्या मुलासमोर व्हेपच्या पुढची वाट सिगारेटचीच असेल असे नाही, ती तंबाखूच्या पुडीचीही असू शकते, आणि पुष्कळदा पुडीच आधी आलेली असते. देशभरातील १३ ते १५ वयोगटातील विद्यार्थ्यांच्या २०१९ च्या सर्वेक्षणात ८.५ टक्के मुले तंबाखूचा कोणता ना कोणता प्रकार वापरत होती, तर ई-सिगारेट कधी तरी वापरून पाहिलेली २.८ टक्के होती.

ओंकारच्या बाबतीत दुवा कोणता होता, हे मात्र मला त्याच्या सांगण्यावरूनच दिसत होते. आजच्या व्हेपमध्ये निकोटीन क्षाराच्या रूपात असते. त्यामुळे घशाला झणका लागत नाही, आणि जितके निकोटीन सिगारेटमधून घेताना नवशिक्याला खोकला यावा तितके तो सहज ओढू शकतो. गोड वास, न जळणारा घसा आणि उशीखाली मावणारे उपकरण यांमुळे तीन महिन्यांत त्याचा मेंदू निकोटीनवर अवलंबून झाला. मग आम्ही एका रात्रीत पुरवठा तोडला आणि तलफेसाठी काहीच केले नाही. राज्यात सुट्या सिगारेट आणि विडीच्या विक्रीवर २०२० पासून बंदी आहे, पण दोनशे पावलांवर ती सुटी सिगारेट खिशातल्या नाण्यांत मिळत होती. व्हेपने त्याला निकोटीन लावले हे खरे, पण सिगारेटपर्यंतचे शेवटचे दोनशे पाऊल त्याला आमच्या निर्णयाने चालवले, असे मी बैठकीत म्हणालो. चालकांना ते आवडले नाही.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय ओंकार आणि तेजस यांना वसतिगृहातून काढण्याचा होता आणि चालकांचा कल त्याच बाजूला होता. १४० मुलांच्या पालकांना आपण काय उत्तर देणार, ही त्यांची चिंता खोटी नव्हती. पण काढलेला मुलगा घरी परत जात नाही, तो त्याच परिसरात एखादी खोली भाड्याने घेतो, जिथे रेक्टरही नसतो, हे त्यांनी स्वतःच मागच्या वर्षीच्या एका मुलाचे उदाहरण देऊन सांगितले आणि पर्याय अर्धा मागे पडला.

दुसरा प्रश्न पोलिसांचा होता. ई-सिगारेटवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ चा आहे. विक्री, वाहतूक, वाटप यांसाठी पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि साठवणुकीसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. केवळ वापरणाऱ्याला शिक्षा त्यात सांगितलेली नाही. मुलांना गुन्हेगार ठरवण्याचा प्रश्न त्यामुळे आमच्यापुढे नव्हता. पण जप्त केलेली तीन उपकरणे गेले बारा दिवस कार्यालयाच्या कपाटात पडून होती आणि आपल्या ताब्यातील जागेत असा माल ठेवू देणे हेही त्याच कायद्याच्या कक्षेत येते, हे लक्षात आल्यावर खोलीत काही क्षण कोणी बोलले नाही.

तिसरा पर्याय ओंकारने स्वतः सुचवला. “सर, मला तेच परत द्या. मी दिवसातून दोन-तीनदाच घेतो आणि महिन्यात बंद करतो. सिगारेट तरी सुटेल.” या मुलाच्या विचारात तर्क होता, हे मान्य केले पाहिजे. ब्रिटनमध्ये प्रौढ धूम्रपान करणाऱ्यांना सिगारेट सोडण्यासाठी व्हेपकडे वळण्याचा सल्ला दिला जातो, आणि निकोटीनच्या च्युइंगम किंवा पट्टीपेक्षा निकोटीनयुक्त ई-सिगारेटने सिगारेट सोडणाऱ्यांचे प्रमाण अधिक असते, असे वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचे आढावे सांगतात. पण तो पुरावा वर्षानुवर्षे सिगारेट ओढलेल्या प्रौढांचा आहे. चार महिन्यांपूर्वी काहीच न ओढणाऱ्या १६ वर्षांच्या मुलाला तो लागू करणे मला योग्य वाटले नाही, आणि भारतात तसे उपकरण त्याच्या हातात देणे हा सरळ गुन्हा ठरला असता. मी नकार दिला, पण कारणे सांगून दिला. त्याला ‘असे कसे बोलतोस’ म्हणून गप्प केले नाही. पुढे त्याने माझ्याशी मोकळेपणाने बोलणे चालू ठेवले, त्याचे एक कारण हे असावे.

चौथा पर्याय म्हणजे पालकांना कळवणे, मुलांना वसतिगृहात ठेवणे आणि तलफेवर वैद्यकीय देखरेखीखाली उपचार करणे. चालकांनी तो एका अटीवर स्वीकारला: एक महिना, आणि त्यानंतर पुन्हा विचार.

केलेली कृती

चौघांच्या पालकांना वेगवेगळ्या दिवशी बोलावले. ओंकारचे वडील पहाटेच्या एसटीने आले. मी सांगत असताना ते खाली मान घालून ऐकत होते आणि शेवटी फक्त इतके म्हणाले, “कामून केलं असंल लेकरानं?” मी त्यांना विचारले, मुलाला काही दिवस घरी न्यावे असे वाटते का. त्यांनी सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. “घरी नेतो, पण घरी मी त्याच्यासमोरच तंबाखू मळतो, सर. तिथं काय सांगू त्याला?” त्या वाक्यानंतर मुलाला घरी पाठवण्याचा विषय आम्ही सोडला. त्यांनी मुलाला ओरडू नये, आठवडाभर रोज रात्री साडेनऊला पाच मिनिटे फोन करावा आणि त्या फोनवर गुण विचारू नयेत, एवढेच मी त्यांच्याकडे मागितले.

ओंकारला आणि तेजसला शासकीय रुग्णालयातील तंबाखूमुक्ती केंद्रात नेले. निकोटीनच्या च्युइंगमचा विचार डॉक्टरांनी केला, पण वय १८ च्या आत, सिगारेटचे दिवस थोडे आणि संख्या चारच, म्हणून समुपदेशनावरच भर द्यायचे ठरवले. सोडण्याचा दिवस रविवारची चाचणी संपल्यानंतरचा सोमवार निवडला, म्हणजे त्रासाचे पहिले तीन दिवस पुढच्या चाचणीपासून दूर पडतील. त्या तीन दिवसांसाठी त्याला अभ्यासिकेऐवजी खालच्या खोलीत बसण्याची, दर पाऊण तासाने उठून अंगणात फेरी मारण्याची आणि मेसमधून दोनदा जास्तीचे ताक व फळ घेण्याची परवानगी दिली. तलफ आली की ती सहसा पाच-दहा मिनिटांत उतरते, म्हणून तेवढी मिनिटे काढायची, हे त्याला घड्याळ समोर ठेवून शिकवले. केंद्र शासनाचा मोफत दूरध्वनी क्रमांक १८००-११-२३५६ त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिला. त्याने तो दोनदा वापरला.

उपकरणे लेखी पत्रासह पोलीस ठाण्यात जमा केली. टपरीचे काम सर्वांत कठीण ठरले. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत आणि १८ वर्षांखालील कोणालाही तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे, आणि मुलाला असा पदार्थ देणाऱ्यास बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास होऊ शकतो. हे मी टपरीवाल्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मिशी फुटलेल्या पोराला वय कसं विचारू?” महापालिकेला आणि पोलिसांना पत्रे गेली. आठवडाभर सिगारेटची पाकिटे दिसेनाशी झाली, मग चहाच्या बरण्यांमागे परत आली.

परिणाम

ओंकारने पहिल्या आठवड्यात एकही सिगारेट ओढली नाही. तेविसाव्या दिवशी भौतिकशास्त्राच्या चाचणीनंतर त्याने एक ओढली आणि दुसऱ्या सकाळी स्वतः येऊन सांगितले. चालकांच्या महिन्याच्या अटीला अजून सात दिवस होते. ही घसरण त्यांना सांगायची की नाही, हा या प्रकरणातील माझ्यासाठी सर्वांत अवघड क्षण होता. मी सांगितले, पण ओंकारला विचारून आणि त्याच्यासमोर. त्यांनी ती मुदत वाढवली. मार्चमध्ये केंद्रात त्याच्या श्वासातील कार्बन मोनॉक्साईड मोजला तेव्हा तो न ओढणाऱ्याइतका निघाला. ही चाचणी फक्त मागच्या एखाद्या दिवसाबद्दलच सांगते आणि व्हेपमध्ये काही जळत नसल्याने त्याचा पत्ता तिला लागत नाही, म्हणून मी तिच्यावर फार विसंबलो नाही. पण बारावीच्या ऑक्टोबरपर्यंत ओंकारच्या, त्याच्या वडिलांच्या आणि रेक्टरांच्या सांगण्यात तफावत आढळली नाही.

तेजस केंद्रात एकदाच आला, जानेवारीत वसतिगृह सोडून खोलीवर राहायला गेला आणि संपर्कातून निसटला. हर्षदने उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा व्हेप घेतला. हे त्याच्या आईने कळवले. त्याने सिगारेटला अजूनही हात लावलेला नाही.

वेगळे काय करता आले असते

जप्ती चुकीची होती असे मी म्हणणार नाही. वस्तू ठेवून घेणे आवश्यकच होते. पण जप्तीच्या त्या रात्रीच चौघांना वेगवेगळे बसवून ‘किती दिवस, दिवसातून किती वेळा, आणि नाही मिळाले तर काय होते’ हे तीन प्रश्न विचारले असते, तर कोणाला तलफेचा त्रास होणार हे आधीच कळले असते आणि ओंकार तेजसकडे जाण्याऐवजी कदाचित माझ्याकडे आला असता. पाचशे रुपयांच्या दंडाने आणि माफीनाम्याने त्याला एवढेच शिकवले की आता पुढचे लपवून करायचे. एकत्र बसवून केलेले माझे भाषणही त्याच जातीचे होते.

पालकांना दोन आठवडे न कळवण्याचा निर्णय परीक्षेसाठी घेतला होता. परीक्षा झाली, ओंकारचे गुण त्यात सर्वांत कमी पडले, आणि ते न कळवण्याने काय वाचले हे मला अजून समजलेले नाही. दुसऱ्या बाजूने, त्या वेळी लगेच कळवले असते तर वडिलांनी त्याला रागाच्या भरात घरी नेले असते, ही शक्यताही मी नाकारत नाही. ते कसे कळवायचे हे आम्हाला आधी ठाऊक नव्हते, आणि कपाटातील त्या उपकरणांइतकीच ती आमची तयारी नसण्याची खूण होती.

आणि विनायक. चौघांपैकी तंबाखूचा सर्वांत जुना आणि सर्वांत नियमित वापर त्याचा होता, तरी व्हेप आणि सिगारेट यांच्या गोंधळात त्याच्यावर एक बैठकही झाली नाही. त्याच्या वडिलांना बोलावले तेव्हा आम्ही व्हेपबद्दलच बोललो, आणि ते ‘एवढंच ना’ म्हणून निश्चिंत मनाने परत गेले. महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असलेला गुटखा तो त्याच सहजतेने मिळवत होता ज्या सहजतेने ओंकारने सुटी सिगारेट मिळवली, आणि त्या गोष्टीचे कोणाला, मलाही, नवल वाटले नाही. नवी वस्तू आपल्याला घाबरवते. जुनी घरातलीच असते.

जूनपासून प्रवेशाच्या वेळी भरून घ्यायच्या माहितीपत्रकात तंबाखू, गुटखा, मावा, विडी, सिगारेट आणि व्हेप असे सहा वेगवेगळे प्रश्न घातले आहेत आणि ते पालकांसमोर नव्हे, तर माझ्या खोलीत भरून घेतले जातात. विनायक बारावीत आला तेव्हा त्यानेही ते भरले. त्यानंतर, गुटख्याने तोंड उघडणे कमी झाले आहे का हे पाहायला, मी त्याला तीन बोटे उभी करून तोंडात घालायला सांगितली. निरोगी तोंडात ती सहज जातात. त्याची अडीच गेली. तिखट लागले की गालाच्या आत आग होते, असेही त्याने त्याच वेळी पहिल्यांदा सांगितले. पुढच्या मंगळवारी दंतवैद्यांची वेळ घेतली आहे, आणि या वेळी त्याचे वडील सोबत येणार आहेत.